उजेड कुठून, कुश्या?

कोइंबतूर,
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

चांदचाचा,

वर 'तीर्थरूप' लिहायचं का 'सलाम' लिहायचं यात अर्धा तास गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. दोन्ही समजून घ्या.

मी कुशाबा. तुमच्या जुन्नरच्या स्टुडिओत चार वर्षं होतो तो, आहुप्याचा. हे सांगायची गरज नाही, पण तुम्ही मला विसरायचं ठरवलं असेल तर आपलं नाव घातलेलं बरं. फोन सतरा वेळा लावला, तुम्ही उचलत नाही. एका अर्थी बरंच आहे. फोनवर मला खोटं पटकन सुचतं. कागदावर हात दुखतो, म्हणून कमी सुचतं.

तुमच्याकडून निघालो तो आधी चाकणला गेलो, गाडीच्या सीटांच्या कंपनीत. मग भिवंडीला गोडाऊनमध्ये. कुठंच टिकलो नाही. सायराचाची म्हणायच्याच की, "ह्याचं जेवताना पण एक पाऊल दारात." मग अल्बमच्या ऑर्डरी घ्यायला आपल्याकडे जो टायवाला यायचा, त्याला फोन केला. त्यानं इथं लावून दिलं.

इथं देशभरच्या फोटोवाल्यांचे लग्नाचे फोटो येतात. मशिनवर छापले जातात, मग आम्ही पानांच्या कडा कापतो, बांधतो, पेटीत घालतो. माझ्याकडे कटिंग आणि चेकिंग. पांढऱ्या ट्यूबखाली एकेक पान उलटायचं, डाग-ओरखडा असला तर बाजूला काढायचं. दिवसाला साठ अल्बम. म्हंजे रोज साठ लग्नं, चाचा, आणि जेवण एकाचंही नाही.

पहिला महिना मी नुसते डागच बघितले. मग एक दिवस एका पानावर हात थांबला. त्यात नवरी नव्हती, नवरा नव्हता. एक म्हातारी बाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती, मागं अंधार, आणि तिच्या बोटांवर एवढासा उजेड. सुपरवायझर ओरडला तरी मला पान उलटवेना. कारण कानात तुमचा आवाज आला होता.

रोज सकाळी शटर वर गेलं की तुम्ही पेपरातला नाहीतर जुन्या मासिकातला कुणाचा तरी फोटो काउंटरवर ठेवायचा आणि तीन प्रश्न घालायचा. उजेड कुठून, कुश्या? फोटोवाला कुठं उभा? काय बाहेर ठेवलं? तीन उत्तरं दिल्याशिवाय चहा नाही. मी चहासाठी काहीही ठोकून द्यायचो. उजेड वरून, चाचा. फोटोवाला समोर, चाचा. तुम्ही म्हणायचा, "वरून तर पाऊस बी येतो. नीट बघ." मला वाटायचं, दुसऱ्यांचे फोटो बघून काय मिळणार? मला मोबाइलवर बघून गाल गोरे करायचे होते, आभाळ निळं करायचं होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं. उजेड परसातून येत होता, पत्र्याच्या फटीतून. पण चहा द्यायला कुणी नव्हतं.

मूळ गोष्ट लिहायची होती ती राहिलीच. कागद संपला असं लिहिणार होतो, पण मागची बाजू कोरी आहे.

कुशाबा


रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

चाचा,

उत्तर नाही. आता मागची बाजू लिहितो.

जानेवारीत आमच्या गावची बायडाबाई डोळे तपासायला जुन्नरला आली होती. तुम्ही तिला गल्लीतून हाक मारून आत घेतलं. "मावशे, ये, बस घडीभर." ती म्हणाली, "माझ्या थोबाडाचा कशाला फोटू? क्यामेरा फुटंल तुझा." तरी बसली. तुम्ही तिला खिडकीपाशी बसवलं, तुम्ही समोर स्टुलावर बसला, गप्पा मारत राहिला आणि शेवटी एकच काढला. पुढच्या महिन्यात माघी पौर्णिमेला ती गेली. तिचा मुलगा सोमाजी दहाव्याला लावायला फोटो मागायला आला. तुम्ही लग्नाच्या ऑर्डरीवर निघाला होता. जाताना मला म्हणाला, "जसा आहे तसा मोठा कर."

मी तो आधी साफ केला. गालाच्या सुरकुत्या काढल्या, आणि कपाळावरचं, हनुवटीवरचं हिरवं. एका बटनावर गेलं सगळं. मला तो डाग वाटला, चाचा. माझ्याच गावच्या बाईचं गोंदण, आणि मला डाग वाटला. त्याच नावानं सेव्ह केलं, म्हंजे मूळ फोटो गेला. कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यासाठी पुसून टाकलं होतं.

सोमाजीनं फ्रेम हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ही कोण बाई?"

मी म्हणालो, "अरे, तुझी आई."

"माझ्या आईचं कपाळ कोरं नव्हतं." फ्रेम त्यानं काउंटरवर पालथी ठेवली. "मेल्यावर बाईसंगं गोंदान तेवढंच जातं म्हणत्यात. बाकी समदं हितंच ऱ्हातं. तू तेच काडून घेतलंस व्हय, कुशा?"

दुसरा फोटो त्यांच्याकडे नाही. आधार कार्डावर आहे तो बाईचा का भोपळ्याचा ते कळत नाही.

तुम्ही आल्यावर मी सांगितलं की कॉम्प्युटर हँग झाला, फाइल उडाली. ते खोटं होतं. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर मी थांबलो असतो. तुम्ही एवढंच म्हणाला, "तू बघत नाहीस. तू पुसतोस." आणि चष्म्याच्या काचा पुसत बसला. सकाळी तुम्ही नमाजाला गेला आणि मी नारायणगावची एसटी धरली.

आता मी म्हटलं, तो साफ केलेला फोटो तुमच्या लेकीकडून, अफिफाकडून मागवून घ्यावा आणि गोंदण परत काढून द्यावं. हात बरा आहे माझा. वही घेऊन बसलो. कपाळावर काय होतं? चंद्रकोर का तुळस? हनुवटीवर तीन ठिपके का पाच? लहानपणी आई रानात गेली की मी बायडाबाईच्या चुलीपुढंच पडलेला असायचो. तिच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन वाढलो. आणि मला तिचं कपाळ आठवेना.

तुम्ही बोललात ते खरं होतं. एवढंच लिहायला सात महिने आणि तीन नोकऱ्या लागल्या.

कुशाबा


रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चाचा,

अफिफाचा दिवाळीत फोन आला. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे मला तिच्याकडून कळलं. वाचायला अजून त्रास होतो म्हणून ती पुण्याहून आली की माझी पत्रं तिच्याकडून वाचून घेता, असं म्हणाली. मी विचारलं, "वाचल्यावर काय म्हणाले?" ती म्हणाली, "काही नाही. परत वाच म्हणाले." मी त्या दिवशी दोन पानं वाकडी कापली.

तिच्या कॉलेजात म्हणे प्रोजेक्ट दिलाय, दुसऱ्या फोटोग्राफरच्या कामाचा अभ्यास करायचा. मला म्हणाली, "तू रोज हेच करतोस ना? मला सांग कसं करायचं." मला हसू आलं. नववी नापास माणसाला कॉलेजातली पोरगी अभ्यास विचारते. तरी मी करतो ते सांगितलं. तुम्हालाही सांगतो, चुकत असेल तर तिच्याजवळ निरोप द्या.

इथं मोबाइल आत नेता येत नाही. दुसऱ्यांचे फोटो आहेत, घरातल्या बायकामाणसांचे, ते बरोबरच आहे. म्हणून मी डोळ्यांनी पाठ करतो. ज्या पानावर हात थांबतो त्याचे तुमचे तीन प्रश्न मनात सोडवतो आणि संध्याकाळी खोलीवर वहीत लिहितो. चौकोन आखतो, माणसं काड्यांची, उजेडाला बाण. कुणी वही बघितली तर म्हणेल ह्याच्या अंगात आलंय.

फोटोवाल्यांची नावं आम्हाला कळत नाहीत, नुसते नंबर असतात. त्यात एक अठरा नंबर आहे. लसूण सोलणारी बाई त्याचीच होती. आता नंबर न बघता मी अठरा ओळखतो. दर लग्नात तो एक तरी फोटो असा देतो की ज्याला कुणी पैसे देणार नाही. म्हातारी आत्या, आचारी, चपला राखणारा माणूस. एक चांगला फोटो बघून फोटोवाला कळत नाही, चाचा. त्याचे शंभर बघितले की मग तो कुठं पुन्हा पुन्हा वळतो ते कळतं.

मग रविवारी मी अठरासारखा फोटो काढायला गेलो. खोलीमालकिणीच्या आईला दारात बसवलं, सकाळचाच उजेड, तसाच अंधार मागं. अकरा फोटो काढले. सगळे फुकट. आजी त्यात आहे, पण पोलिसाला जबाब देताना दिसते. तिची नात खो-खो हसली आणि म्हणाली काहीतरी तमिळमधलं. मला वाटलं फोटोला हसते. ती मला खुणेनं सांगत होती, खाली बस.

अठरा नंबर उभा नसतोच, चाचा. तो बसतो. म्हातारं माणूस जेवढ्या उंचीवर असेल तेवढ्या उंचीवर जाऊन बसतो. परत जुनी वही चाळली तर प्रत्येक चित्रात तेच. मी मात्र प्रत्येक उत्तराला 'समोर उभा' लिहून ठेवलं होतं.

बाराव्यांदा बसून काढला. आजीनं बघितला आणि मला दोन इडल्या जास्त दिल्या.

तेव्हा आठवलं, तुम्ही बायडाबाईसमोर स्टुलावर बसला होता. मला वाटलं होतं तुमचे गुडघे दुखतात.

अजून एक गोष्ट. तुमचं निगेटिव्ह बघायचं भिंग तुम्हाला सापडत नसेल. पितळेच्या कडेचं. चाचींनी सगळी कपाटं उचकली असतील. उचकू नका म्हणावं. ते माझ्याकडे आहे. का घेतलं ते मला सांगता येत नाही. काहीतरी घेऊन निघावं असं वाटलं आणि हाताला ते लागलं.

कुशाबा


रविवार, १ डिसेंबर २०२४

चाचा,

हे पत्र घाईचं आहे. अफिफा नसेल तर शेजारच्या उमरकडून वाचून घ्या, पण आजच वाचा.

मंगळवारी कटिंगला होतो. छापलेलं पान मोठं असतं, आम्ही चारी बाजूंनी बोटाच्या कांड्याएवढी कड कापतो. त्या पट्ट्या खाली पोत्यात पडतात. त्या दिवशी एका पट्टीवर अर्धं तोंड आलं. कुणातरी बाईचा कान, डूल आणि हसणारं अर्धं तोंड. मुख्य फोटोत ती नव्हतीच, कडेला उभी होती, कापली गेली. मी पट्टी हातात धरून उभा राहिलो आणि मला एकदम गेणभाऊच्या लग्नाचा अल्बम आठवला.

गेणभाऊ म्हंजे माझे चुलते. तुम्हीच काढलेत त्या लग्नाचे फोटो, तीस वर्षं झाली असतील. एसटी संपली तिथून कॅमेरा डोक्यावर धरून चालत आला होता, हे तुम्ही मला पन्नास वेळा सांगितलंय. रंगीत रोल परवडायचा नाही म्हणून सगळा अल्बम काळा-पांढरा. तो आमच्या घरी होता. लहानपणी मी तो बघून बघून झिजवला. त्यात हळदीचा एक फोटो आहे. चुलता पाटावर, भोवती बायका, आणि डाव्या कडेला मांडवाचा खांब. त्या खांबावर एक हात आहे, हिरव्या बांगड्यांचा. जरासा खांदा आहे. पुढं फोटो संपतो. मी आईला विचारलं होतं, हा हात कुणाचा? आई म्हणाली होती, "बायडाबाईचा. गाणी म्हणायला तिच्याबिगर कोन?"

चाचा, गाणी म्हणणारी बाई नवरा-नवरीच्या शेजारी कधीच नसते. ती खांबापाशी असते. म्हणून ती कोणत्याच फोटोत नाही. पण तिला तुम्ही कॅमेऱ्यातून बाहेर ठेवली नव्हती. तिला कड कापताना बाहेर ठेवली. प्रिंट मोठी करताना तुम्ही बाजू कापली असणार, नवरदेव मधोमध यावा म्हणून. म्हंजे निगेटिव्हमध्ये ती पुरी असेल.

तुम्ही निगेटिव्ह टाकत नाही, मला माहीत आहे. आतल्या खोलीत बिस्किटांच्या डब्यांत, डब्यावर गावाचं नाव. आहुप्याचा डबा खालच्या फळीवर, गंजलेला. मीच एकदा भंगारात घालूया म्हणालो होतो आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवला होता.

पण तुमचे डोळे असे, आणि भिंग इथं. म्हणून भिंग आजच पार्सल करतोय, कापसात गुंडाळून. नवं घेऊन पाठवणार होतो, पण तुमचा हात त्यालाच बसलेला आहे.

माघी पौर्णिमेला तिचं वर्ष आहे. माझ्यासाठी बघू नका. तिच्यासाठी बघा.

कुशाबा


रविवार, २९ डिसेंबर २०२४

चाचा,

पार्सल पोचलं एवढं टपालवाले सांगतात. तुम्ही काही सांगत नाही.

काल सोमाजीला फोन केला. मला वाटलं ठेवून देईल. ठेवला नाही. मी माफी मागितली नाही, ती फोनवर मागायची नाही असं ठरवलंय. मी फक्त विचारलं, "सोमादादा, आईच्या हनुवटीवर तीन ठिपकं व्हतं का पाच?"

तो म्हणाला, "मला तीन वाटत्यात. बायकू म्हनती पाच." मग म्हणाला, "रोज बघत व्हतो रं कुशा. मोजलं कुनी?"

ठेवताना म्हणाला, "भित्तीला खिळा ठोकलेला तसाच हाय. परवा पोरीनं त्याला दप्तार अडकावलं, मी काढून टाकलं."

बाकी काही नाही.

कुशाबा


रविवार, १९ जानेवारी २०२५

चाचा,

गुरुवारी सुट्टीच्या वेळेला गेटवरच्या वॉचमननं हाक मारली. पार्सलवर चाचींचं अक्षर. मला वाटलं बाजरीच्या खारोड्या असतील. खारोड्या होत्याच. त्यांच्या खाली माझाच कापूस, त्यात भिंग. भिंग परत आलेलं बघितलं. म्हटलं, संपलं, चाचांना ते नको आहे.

मग बटर पेपरची घडी दिसली. तिच्यात निगेटिव्हची पट्टी, चार फोटोंची. आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं तुमच्या हातची एक ओळ. अक्षर उताराला लागलंय तुमचं. 'उजेड कुठून?'

मी खोलीवर गेलो नाही. तिथंच गेटबाहेर, चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो आणि पट्टी आभाळाकडे धरून भिंग लावलं. पहिल्या तीन फोटोंत पाट, हळदीचं ताट, पोरं. चौथ्यात चुलता. मग मी भिंग कडेला सरकवलं.

ती पुरी आहे, चाचा. खांबाला एक हात, दुसरा कानाशी, तोंड उघडं, गाणं चालू. चाळिशीची असेल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं ना, चेहरा काळा. आणि त्या काळ्या कपाळावर गोंदण पांढरं. मी जे पुसलं होतं तेच तेवढं लकाकत होतं. चंद्रकोर आहे, तिच्या खाली एक बारीक रेघ. मग हनुवटी बघितली. आधी मला दिसेना, डोळ्यातलं पाणी भिंगावर पडलं. शर्टाला पुसून परत लावलं.

तीन नाहीत. पाचही नाहीत. एकच आहे. खालच्या ओठाच्या बरोबर खाली, मोहरीएवढा एकच ठिपका.

मी हातानं काढून दिलं असतं तर तीन काढले असते. सोमाजीला पण खरं वाटलं असतं. आणि बायडाबाई दुसऱ्याच कुणाचं तरी गोंदण कपाळी घेऊन भिंतीवर बसली असती.

चहावाला मला विचारत होता काय झालं. त्याला भिंगातून दाखवलं. त्याला काय कळणार? पण बघत राहिला आणि ग्लास भरून दिला. तुमच्या प्रश्नाचा चहा असा इथं मिळाला.

आता तुमच्या ओळीचं. त्या दिवसापासून मी तीच वाचतोय. तुम्ही प्रिंट काढून सोमाजीला देऊ शकला असता. अफिफा स्कॅन करून मला मोबाइलवर पाठवू शकली असती. तीस वर्षं डब्यात जपलेली निगेटिव्ह कुणी टपालानं एवढ्या लांब पाठवत नाही, चाचा. जो ती परत आणून देईल त्यालाच पाठवतात. भिंगाचंही तसंच. मला उशिरा कळतं, पण आता कळतं.

सुपरवायझरला काल सांगितलं. तो म्हणाला, परत कधी येणार? मी म्हणालो, माहीत नाही. या वेळी खरंच माहीत नाही. एरवी पळून जायचं असलं की मला पक्कं माहीत असायचं. पुढच्या रविवारी निघतो. वही बरोबर आणतोय, अफिफाला प्रोजेक्टला हवी तर देईन. काड्यांची माणसं बघून तिचे सर काय म्हणतील ते म्हणोत.

प्रिंट आपण आतल्या खोलीत जुन्या एन्लार्जरवर काढू. चेहरा एवढासाच आहे, मोठा केला की फोटोत वाळूसारखे दाणे येतील. येऊ देत. एक दाणा मी पुसणार नाही. डावी कड तर मुळीच कापणार नाही, नवरदेव कापला गेला तरी चालेल. गेणभाऊला मी समजावतो. मग पौर्णिमेच्या आधी फ्रेम घेऊन मी एकटा आहुप्याला जातो. तुम्ही येऊ नका, गुडघे दुखतात म्हणून नाही. सोमाजीसमोर मला एकट्यालाच बसायचं आहे, तो बसला असेल तेवढ्या उंचीवर.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं आहे. तिच्या गालावर, बांगड्यांवर आणि त्या एका ठिपक्यावर उजेड कुठून येतो ते मी तीन दिवस शोधलं. फोटोवाला कुठं होता तेही कळलं. काय बाहेर ठेवलं, ह्या तिसऱ्याचं उत्तर मला आवडलं नाही, पण तेही लिहून ठेवलंय. इथं लिहीत नाही. सकाळी शटर वर गेल्यावर काउंटरशी उभा राहून सांगेन.

चाचींना म्हणावं, चहा तेव्हाच टाका.

तुमचा,
कुश्या